घाम सुकेल अशी खोली

आग्रही : भाऊ, मे महिन्यातल्या उन्हाबद्दल आपण वर्षभर बोलतो. नवतपा लागला की पेपरात रोज आकडे येतात, नागपूर इतकं, ब्रम्हपुरी तितकं. पण भंडारा जिल्ह्यात माणसाचा खरा छळ त्यानंतर सुरू होतो. मृगाची एखादी सर पडते, जमीन वाफ सोडते, पारा आठ-दहा अंश उतरतो आणि तरी रात्री डोळा लागत नाही. कपडा अंगाला चिकटतो, उशी ओली होते, मानेवर घामोळं उठतं. कूलर लावावा तर चिकचिक वाढते, बंद करावा तर जीव गुदमरतो. जूनच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंत हीच गत, आणि या चार महिन्यांसाठी आपल्या घरात एकही साधन नाही. म्हणून म्हणते, एसीला श्रीमंतांची चैन म्हणणं आता सोडा. ज्या घरात म्हातारं माणूस आहे, तान्हं लेकरू आहे, बाळंतीण आहे, तिथं ती गरज आहे.

साशंक : त्रास खरा आहे, ताई. पण एकही साधन नाही हे मला पटत नाही. विदर्भाच्या माणसाला घर थंड ठेवायची अक्कल कोणी शिकवायला नको. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना ताट्या, आत पंखा आणि पाण्याचा पंप, एवढ्यावर आपण कित्येक उन्हाळे काढले. यामागचं शास्त्रही पक्कं आहे. एक लिटर पाणी हवेत उडून जाताना जवळपास २,४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. थर्मामीटरच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळून वाऱ्यात धरा. पारा जिथवर उतरेल, ती कूलरची शेवटची सीमा. बाहेर ४४ अंश आणि हवेत ओलावा १५ टक्के असेल, तर हा ओला पारा २३च्या आसपास थांबतो. ताट्या नीट भिजलेल्या असतील तर कूलर त्यातलं बहुतेक अंतर कापतो आणि खोलीत २७-२८ अंशांची हवा सोडतो. एवढं काम दोनशे वॉटच्या आत. दीड टनाचा एसी साधारण तासाला एक युनिट घेतो, कूलरला एक युनिट पाच तास पुरतं.

आणि जी चिकचिक तुम्ही सांगता, तिच्यात आपला दोष बराच आहे. लोक खिडकीत कूलर बसवतात आणि गार वारा बाहेर जाऊ नये म्हणून दार घट्ट लावून घेतात. तिथंच सगळं बिघडतं. कूलर आत जितकी हवा ढकलतो तितकी बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी उघडी हवी, निदान दार फटीएवढं. नाही तर तीच ओली हवा खोलीत फिरत राहते आणि तासाभरात भिंतीला हात लावला तरी ओल लागते.

आग्रही : दार उघडं ठेवायचं हे मान्य. आता तुमचंच गणित ऑगस्टला लावा. बाहेर ३४ अंश, ओलावा ७५ टक्के. तुमच्या चिंधीचा पारा किती उतरेल? ३०पर्यंत. कूलर फार तर ३१ची हवा देईल, आणि तीही पाण्यानं जवळपास गच्च भरलेली. म्हणजे तीन अंश मिळाले आणि घाम सुकायची जागा गेली. माणसाच्या अंगाला गारवा मिळतो तो घाम सुकण्यातून, घाम येण्यातून नव्हे. टपटप गळणारा घाम म्हणजे वाया गेलेलं पाणी आणि मीठ.

ही काही नुसती गैरसोयीची गोष्ट नाही. ओला पारा ३५वर गेला तर निरोगी माणूसही फार काळ तग धरणार नाही, असा हिशोब २०१० साली मांडला गेला होता. पुढं अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात निरोगी तरुणांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले. २०२२ मध्ये छापून आलेल्या त्या निष्कर्षांत दमट हवेतली मर्यादा ३१च्या आसपास निघाली. ते तरुण होते. सत्तरीची आजी, तिला बीपीची गोळी चालू, तिची मर्यादा त्याहून खालीच असणार. आणि विलिस कॅरियरनं १९०२ साली एसीची पहिली मांडणी केली ती कोणा श्रीमंताच्या दिवाणखान्यासाठी नव्हती. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, रंगावर रंग नीट बसायचा नाही, म्हणून हवेतलं पाणी काढायचं यंत्र त्यानं केलं. आपल्या चार महिन्यांना नेमकं हेच हवं आहे. आजही पावसाळी हवेत एसीच्या नळीतून तासाला लिटर-दीड लिटर पाणी पडतं. ते पाणी खोलीतल्या हवेतून निघालेलं असतं. कूलर बरोबर उलटं करतो, हवेत पाणी भरतो.

साशंक : पंप चालू असेल तर भरतो. पावसाळ्यात पंप बंद करून नुसता पंखा चालवावा, हे आमच्या गल्लीतल्या लहान पोरालाही माहीत आहे. ३४ अंशांची हवा अंगाच्या कातडीपेक्षा थोडी का होईना गार असते, ती वेगानं अंगावर आली की घाम सुकतो. ४४च्या दुपारी नुसता पंखा भट्टीसमोर उभं केल्यासारखा लागतो, ऑगस्टमध्ये तोच पंखा खऱ्या कामाचा. छताच्या जुन्या पंख्याला ७५ वॉट लागतात, नव्या बीएलडीसी पंख्याला तीसच्या आसपास. एका एसीच्या विजेत असे तीस-पस्तीस पंखे फिरतील.

पण यंत्रांची तुलना बाजूला ठेवू. माझं खरं म्हणणं घराबद्दल आहे. कवेलूच्या घराची आठवण करा. दीड-दोन फूट जाडीची मातीची भिंत, आतून शेणामातीनं सारवलेली. वर सागाचे नाहीतर बांबूचे फाटे, त्यांवर कवेलू, आणि दोन कवेलूंच्या सांध्यांत इतकी फट की दुपारी उन्हाचे कवडसे जमिनीवर सरकत जाताना दिसायचे. त्याच फटींतून तापलेली हवा वर निघून जायची. पुढं ओसरी, ओसरीपुढं पळसाच्या नाहीतर जांभळीच्या फांद्यांचा मांडव. भिंतीवर थेट ऊन पडतच नव्हतं. आता सिमेंटचा स्लॅब आला. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री आपल्यावर सोडतो. मे महिन्यात रात्री नऊला स्लॅबखाली उभं राहून वर हात करा, तळवा तापतो. हे बांधकामाचं दुखणं आहे, आणि त्यावर आपण विजेचं औषध विकत घेतो आहोत.

आग्रही : कवेलूच्या घराचं गुणगान बहुधा तेच करतात ज्यांना ते राखावं लागलं नाही. दर वर्षी रोहिणीत कवेलू फेरायचे, तेव्हा धूळ, काजळी आणि विंचू अंगावर कोणाच्या? माकडांची टोळी एकदा छपरावरून गेली की पन्नास कवेलू फुटले, आणि आता कवेलू फेरणारा माणूस गावात मिळत नाही. सारवण बाईनं करायचं, पावसात गळणाऱ्या जागी भांडी बाईनं ठेवायची. ज्या घरातल्या बाईला पक्कं घर मिळालं, तिला पुन्हा मातीत जा म्हणायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही.

तिला मिळालं तरी काय? प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल म्हणजे किमान २५ चौरस मीटर, मदत १ लाख २० हजार रुपये. तेवढ्यात चार इंच विटेची भिंत, वर पत्रा किंवा पातळ स्लॅब, आणि खिडकी बहुतेक एकाच बाजूला. तुमची समोरची खिडकी त्या घरात आहेच कुठं? हवा आरपार जायला दोन बाजू लागतात. स्वयंपाकाचं तर बोलायलाच नको. साकोली असो की तुमसर, मला एक असं घर दाखवा जिथं कूलरचं तोंड स्वयंपाकखोलीकडे आहे. बैठकीत असतो, झोपायच्या खोलीत असतो. भाकरी थापणारी बाई ऑगस्टमध्ये भांड्यांच्या वाफेत उभी असते, आणि गॅसची ज्योत विझते म्हणून पंखाही बंद ठेवते. घरातल्या हवेचा हिशोब तिथून सुरू व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आणि कूलरची स्वस्ताई फक्त विजेच्या बिलावर दिसते. मोठा कूलर कोरड्या दुपारी तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज पितो. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटरचं उद्दिष्ट आहे. म्हणजे आठ तास चाललेला कूलर घरातल्या दोन माणसांचं पाणी एकटा पितो, आणि एप्रिल-मे महिन्यात हापशीवरून ते आणतं कोण, हे तुम्हाला सांगायला नको. पाऊस लागला की कूलर तसाच खिडकीत राहतो, तळाला बोटभर पाणी. डेंग्यूचा डास अंड्यापासून पंखापर्यंत आठ-दहा दिवसांत तयार होतो. अंडी टाकीच्या कडेला चिकटलेली असतात, पाणी काढून टाकलं तरी ती महिनोन्‌महिने कोरडी जिवंत राहतात, घासून काढल्याशिवाय जात नाहीत. आठवड्यातून एकदा किती घरं टाकी घासतात? शिवाय पत्र्याचा डबा, ओली फरशी, अर्थिंग नाही. कूलरचा शॉक लागून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात, लहान मुलं जातात. महावितरण दर वर्षी सूचना काढतं, तरीही.

साशंक : शॉकबद्दल मी एक शब्दही आडवा बोलणार नाही. पाणी भरताना प्लग काढायचा, हे दर घरात सांगितलं गेलं पाहिजे. स्वयंपाकखोलीचं तुम्ही बोललात ते मला टोचलं, कारण ते खरं आहे. तिथं उत्तर निदान स्वस्त आहे. चुलीच्या वरच्या बाजूला धूर-वाफ ओढून बाहेर टाकणारा एक्झॉस्ट पंखा लावा. वाफ निर्माण होते तिथूनच बाहेर गेली तर उरलेलं घरही सुकं राहतं. घरात ओलावा येतो कुठून? झाकण न ठेवता शिजणारा भात, आत वाळत घातलेले कपडे, पुसलेली फरशी, आणि चार माणसांचा श्वास. यातलं निम्मं थांबवता येतं.

घरकुलाबद्दल म्हणाल, तर स्लॅबवर पांढरा चुना मारला तरी ऊन परत फेकलं जातं. तेलंगणानं २०२३ मध्ये अशा थंड छतांसाठी राज्याचं धोरणच केलं, आणि तेलंगण काही आपल्याहून निराळ्या उन्हात राहत नाही. आपण मात्र घरकुलाच्या नकाशात दुसरी खिडकीही सक्तीची केली नाही.

पण एसीबद्दल माझी शंका बिलापुरती नाही. एसी खोलीतली उष्णता नाहीशी करत नाही, ती गल्लीत आणून ओततो, वर स्वतःच्या मोटरची उष्णता मिसळून. भंडाऱ्याच्या जुन्या वस्तीत, जिथं पितळेच्या भांड्यांवर हातोडी चालायची, तिथल्या गल्ल्या दोन माणसांना शेजारी-शेजारी चालायला जेमतेम पुरतात. अशा गल्लीत तीन घरांनी एसी लावले तर चौथ्या घरानं खिडकी उघडायची कशी? ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा गारवा, आणि त्याची गरम हवा शेजाऱ्याकडे. शेजाऱ्यानं खिडकी लावली की त्याचा पंखा निकामी. मग तोही कर्ज काढून एसी घेणार. हे थांबतं कुठं?

आग्रही : थांबत नाही, कबूल. पण ज्याची आई त्या रात्री घरघरते आहे, त्याला गल्लीचा हिशोब सांगून भागत नाही. आणि एसी म्हणजे अठरा अंशांवर गोधडी पांघरून झोपणं, हे चित्र तुम्ही डोक्यातून काढा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानं जानेवारी २०२० पासून तारांकित एसी चोवीसवरच सुरू होतात, आणि ब्युरोच्याच हिशोबानं एक अंश वर ठेवला तर सहा टक्के वीज वाचते. मी तर सत्तावीस म्हणते. सत्तावीस अंश, छताचा पंखा सोबत, घरातली एकच खोली, तीत सगळे झोपणार, रात्री दहा ते दोन. मला थंडी नको आहे. हवेतलं पाणी तेवढं निघावं, घाम सुकावा, चार तास सलग झोप लागावी. शरीराला दिवसभराच्या तापातून सावरायला रात्र लागते. रात्रच मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी धानाच्या रोवणीला वाकलेली बाई कालचा थकवा घेऊनच बांधीत उतरते.

साशंक : रोवणीचं नाव काढलंत म्हणून एक गोष्ट सांगतो, जिनं माझीच बाजू कमकुवत होते. आपण समजतो की चैत्र-वैशाख कोरडा आणि आषाढ-भाद्रपद ओला, म्हणून कूलरचे दिवस आणि बिनकूलरचे दिवस वेगळे. आता ती रेघ पुसट होते आहे. मालगुजारी तलाव पूर्वीही होते, पण मे येईतो आटायचे. आता गोसेखुर्दचं पाणी आहे, बोअर आहेत, पवनी-लाखांदूरकडे उन्हाळी धान आहे. एप्रिलमध्ये बांध्यांत पाणी उभं असतं. गांधीनगरच्या आयआयटीतल्या विमल मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं, की सिंचनानं भारतात कोरडा पारा खाली येतो, पण हवेतला ओलावा वाढून दमट उष्णतेचा ताण मात्र चढतो. थर्मामीटर म्हणतो दिलासा, अंग म्हणतं नाही. अशा धानाच्या मधोमध वसलेल्या गावात कूलर मे महिन्यातही पूर्वीसारखं काम देईल का, याची मला खात्री उरलेली नाही.

आग्रही : मग तुम्ही माझ्याच बाजूला आलात.

साशंक : पुरता नाही आलो. कूलर अपुरा पडेल, एवढंच यातून निघतं. एसी पुरेल, हे निघत नाही. तुमच्या एका खोलीच्या हिशोबाला बंद खोली लागते. पत्र्याच्या घरकुलात पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट असते. तिथं एसी म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. फट बुजवायची, पत्र्याखाली छत मारायचं, वायरिंग बदलायचं, अर्थिंग करायचं, मग एसी. यंत्राच्या किमतीइतका खर्च यंत्राआधीच. महिन्याला शंभर युनिटांच्या आत राहणारं घर एसीनं वरच्या टप्प्यात जातं, आणि तिथं वाढलेलं प्रत्येक युनिट महाग. आणि गावाला वीज देणाऱ्या डीपीवर रात्री दहाला पन्नास एसी एकदम चालू झाले तर? आजच संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की पंख्याची पाती मोजता येतात. म्हणजे एसीवाल्याच्या झोपेसाठी पंखेवाल्याचा पंखाही मंदावणार.

मला त्यापेक्षा सामाईक जागेचा विचार पटतो. जिल्हा परिषदेची शाळा घ्या. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीला उघडतात. म्हणजे कोरड्या तापापासून आपण मुलांना वाचवलं आणि नेमकं दमट दिवसांच्या तोंडी वर्गात बसवलं. तीस-चाळीस मुलं, दोन पंखे, ओले गणवेश. सरकारी पैसा आधी त्या खोलीला मिळावा. एक खोली नीट बांधलेली, कोरड्या हवेची. दिवसा मुलांची, रात्री गावातल्या ज्याला धाप लागते त्याची.

आग्रही : दिवसाचं पटलं, रात्रीचं नाही. अंथरुणाला खिळलेली आजी रात्री अकराला चिखलातून शाळेत जाणार? बाळंतीण जाणार? बाई स्वतःच्या घराबाहेर, परक्या माणसांत अंग टाकून निर्धास्त झोपेल? ज्यांना गरज सर्वांत जास्त, तेच तुमच्या खोलीपर्यंत पोचणार नाहीत. आणि सरकार पैसा देईल कशाच्या आधारावर? हवामान खात्याच्या व्याख्येत मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला पारा निदान चाळीसवर जावा लागतो. ऑगस्टमध्ये आपला पारा तिथं कधी जात नाही. उष्ण आणि दमट हवेचे इशारे येतात ते बहुतेक कोकण-मुंबईच्या नावानं. म्हणजे भंडाऱ्यात जुलै ते सप्टेंबर कागदावर उन्हाचा त्रासच नाही. त्या रात्री कोणी गेलं तर हार्ट फेल लिहितात.

साशंक : हे मात्र शंभर टक्के. म्हणून माझं म्हणणं आता एवढंच उरतं, की विकत घेण्याआधी मोजा. प्रत्येक गावातल्या एका घरकुलात, एका स्लॅबच्या घरात आणि एका कवेलूच्या घरात दोन-दोन थर्मामीटर टांगा, एक कोरडा, एक ओल्या चिंधीचा. आशाताई तशाही घरोघरी जातात, पण त्यांच्या अंगावर आणखी एक वही घालायची तर तिचे पैसे द्या. रात्री अकराचा आकडा लिहून ठेवा, मृगापासून हस्तापर्यंत. ओला पारा पंचवीस-सव्वीसच्या खाली असेल त्या घरात पंखा, दुसरी खिडकी आणि चुना यांवर भागेल, तिथं एसी विकणं ही फसवणूक. तीसला टेकत असेल तिथं माझ्या पंख्याचा आग्रह हीसुद्धा फसवणूकच.

आग्रही : आणि तीसला टेकलेली घरं निघाली, ती सगळी एकाच बाजूची खिडकी असलेली, पत्र्याची, शंभर युनिटांच्या आतली निघाली, तर त्यांचं यंत्र आणि त्यांचं बिल कोणाच्या नावावर?

साशंक : छताचा खर्च घरकुलाच्या रकमेत धरायला लावता येईल, त्यासाठी मी तुमच्याबरोबर ग्रामसभेत उभा राहीन. बिलाचं उत्तर मला सापडलेलं नाही, ताई. शेतीपंपाला सवलत देणारं सरकार झोपेला सवलत देईल का, हे मी सांगू शकत नाही. आणि दिली तर गल्लीतल्या चौथ्या घराचं काय, हा माझा प्रश्न तसाच राहतो.

आग्रही : राहू द्या. पण वहीत पहिलं घर लिहाल ते स्वयंपाकखोलीपासून लिहा, आणि वेळ रात्री अकराची नको, संध्याकाळी सातची घ्या. भाकरी तेव्हा होतात.

साशंक : दोन्ही वेळा घेऊ.